आधी तारीख, मग पत्ता

इ.स. ७५०च्या सुमारास, आज जिथे बंगळूरचं हेब्बाळ आहे तिथे, कित्तय नावाचा एक माणूस गावावर आलेल्या धाडीशी लढताना मारला गेला. धाड राष्ट्रकूटांकडची होती आणि राज्य गंग घराण्यातल्या श्रीपुरुषाचं. कित्तयच्या नावाने दगड उभा राहिला. २०१८मध्ये खोदकाम चालू असताना तो पुन्हा वर आला आणि शहराच्या हद्दीतल्या सर्वांत जुन्या कन्नड लेखांमध्ये त्याची गणना होऊ लागली. ज्याच्यावर बेंगळूरु हे नाव कोरलेलं आहे त्या बेगूरच्या प्रसिद्ध वीरगळापेक्षाही हा शंभराहून अधिक वर्षांनी जुना. मजकूर मोजकाच आहे. राजा कोण, नाडू म्हणजे मुलूख कुठला, कित्तय कुणाचा मुलगा, आणि शेवटी एवढंच की तो इंद्राच्या लोकी चढला.

लढाईत पडला आणि गेला. मधे थांबणं नाही, चौकशी नाही. आपल्याकडे बोरिवलीजवळ एकसरला जे वीरगळ आहेत त्यांवर हाच प्रवास चित्रांत कोरलेला आहे. खालच्या पट्ट्यांत समुद्रावरची लढाई, वर वीराला नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यांत वर शिवलोक. खालून वर वाचत जायचं. गीतेतही अर्जुनाला रणात पडलास तर स्वर्ग आहे असं आश्वासन मिळतंच.

हा लेख मात्र कित्तयबद्दल नाही. तो आहे त्याच्या आधीच्या सात शतकांत भूमध्य समुद्राच्या काठाने आणि पुढे इराणमार्गे आपल्या कोकणापर्यंत पसरलेल्या लोकांबद्दल, ज्यांना आपले मेलेले कुठे आहेत हे कित्तयच्या गाववाल्यांइतक्या खात्रीने सांगता येत नव्हतं.

ख्रिस्ती धर्म म्हटलं की आपल्यासमोर दोन दारं उभी राहतात. चांगल्याला स्वर्ग, वाइटाला नरक, आणि निकाल मेल्या मेल्या. पहिल्या तीनशे वर्षांतल्या बहुतेक ख्रिस्ती लेखकांना हे चित्र पटलं नसतं. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये शिकवणाऱ्या जस्टिनने तर बजावून ठेवलं आहे की, पुनरुत्थान वगैरे काही नसतं, मेल्याबरोबर आत्मा स्वर्गात जातो, असं सांगणारे कुणी भेटले तर त्यांना ख्रिस्ती समजू नका. जस्टिन कुणी कडेला पडलेला बंडखोर नव्हता. १६५च्या सुमारास श्रद्धेपायी त्याचा शिरच्छेद झाला आणि चर्च त्याला संत मानतं.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली अशी आहे की सुरुवातीला प्रश्न ‘कुठे’ हा नव्हताच, ‘केव्हा’ हा होता. पहिल्या पिढीला तारीख हवी होती. पत्ते नंतर आले, आणि प्रत्येक पत्ता अशा कुणासाठी तरी तयार झाला ज्याची आधीच्या हिशेबात सोय नव्हती. योहानाच्या शुभवर्तमानात येशू आपल्या पित्याच्या घरात पुष्कळ खोल्या असल्याचं सांगतो. पुढची हजार वर्षं लोक त्या घराला खोल्या जोडत राहिले असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

येशू आणि त्याचे शिष्य ज्यू होते, म्हणून सुरुवात तिथून. जुन्या इब्री ग्रंथांतला मृत्यूनंतरचा मुलूख म्हणजे शेओल. मराठी बायबल त्याला अधोलोक म्हणतं. तिथे राजा आणि भिकारी, सज्जन आणि दुर्जन सगळेच जातात. शिक्षा नाही, बक्षीसही नाही, नुसती सामसूम. इ.स.पू. १६७मध्ये चौथ्या अँटायोकसने ज्यू धर्माचरणावर बंदी घातली आणि ही व्यवस्था अपुरी पडली. आजवर देवाशी एकनिष्ठ राहिलं की आयुष्य आणि संतती लाभते असा हिशेब होता. आता माणसं एकनिष्ठ राहिली म्हणूनच मारली जात होती, तीही तरुण. त्यांचं देणं देव कधी फेडणार? त्याच धामधुमीत पूर्ण झालेल्या दानिएलच्या ग्रंथात आणि नंतरच्या मक्काबी ग्रंथात उत्तर येतं: एक दिवस मेलेले उठतील, शरीरानिशी. सगळ्या ज्यूंना हे मान्य नव्हतं. परुशी पंथाचे लोक मानत, सदूकी पंथाचे हसत.

नरकासाठी येशूच्या तोंडी येणारं नाव गेहेन्ना. ही खरी जागा आहे, यरुशलेमच्या दक्षिणेची हिन्नोमची दरी. तिथे जुन्या काळी राजांनी पोटची पोरं अग्नीत अर्पण केल्याचं बायबल सांगतं आणि यिर्मया संदेष्टा त्या दरीला शाप देतो. ही दरी म्हणजे शहराचा सतत जळणारा उकिरडा होता, ही प्रवचनांत हमखास येणारी माहिती मात्र बाराशेच्या सुमाराच्या एका ज्यू भाष्यकाराची आहे. उत्खननात अशा उकिरड्याचा पुरावा नाही. गोष्ट इतकी चपखल आहे की ती कुणी सोडायला तयार होत नाही, एवढंच.

आता ग्रीसमधलं थेस्सलनीका, इ.स. ५०च्या आसपास. प्रेषित पौलाने तिथे एक छोटी मंडळी उभी केली आणि तो पुढे गेला. येशू लवकरच परत येणार असं त्याने सांगितलं होतं, आणि लोकांनी ‘लवकरच’ हा शब्द मनावर घेतला होता. दरम्यान मंडळीतली काही माणसं वारली. मागे राहिलेले हबकले: येशू येईल तेव्हा ही माणसं चुकणार का? पौलाचं उत्तर म्हणजे नव्या करारातल्या सर्वांत जुन्या पत्रांपैकी एक. तो म्हणतो, आधी मेलेलेच उठतील, मग जिवंत असलेल्यांची पाळी. मेलेले आत्ता कुठे आहेत याबद्दल तो तिथे काही सांगत नाही. ‘झोपलेले’ म्हणतो आणि पुढे जातो.

पण येशू आला नाही. वीस वर्षं झाली, पन्नास झाली, शंभर झाली. झोपलेल्यांची संख्या जागे असलेल्यांपेक्षा वाढत गेली, तसा ‘तोवर कुठे?’ हा प्रश्न टाळता येईना. लूकच्या शुभवर्तमानात श्रीमंत माणूस आणि लाजर नावाचा भिकारी यांची गोष्ट आहे. भिकारी मेल्यावर अब्राहामाच्या उराशी विसावतो, श्रीमंत ज्वाळांत तडफडतो, आणि दोघांमध्ये ओलांडता न येणारी दरी. दुसऱ्या शतकातल्या विचारवंतांनी हे चित्र उचललं आणि त्यावर प्रतीक्षेचा मुलूख उभा केला. गॉलमधला बिशप आयरेनियस १८०च्या सुमारास लिहितो की आत्मे एका अदृश्य जागी पुनरुत्थानाची वाट पाहतात. येशू स्वतः तीन दिवस मेलेल्यांत राहिला, मग शिष्यांनी गुरूच्या पुढे का पळावं, असा त्याचा युक्तिवाद.

याला एक अपवाद होता, आणि तिथे कित्तयची आठवण होणं साहजिक आहे. कार्थेजच्या तर्तुलियनने २१०च्या सुमारास आत्म्यावर एक मोठं पुस्तक लिहिलं. त्यात त्याने सगळ्यांना अधोलोकात थांबवून ठेवलं आहे. नंदनवनाचं दार तोवर उघडतं ते एकाच किल्लीने, स्वतःच्या रक्ताच्या. हुतात्मा, मराठी ख्रिस्ती ज्याला रक्तसाक्षी म्हणतात, तोच थेट आत. हेब्बाळच्या दगडावरच्या वीराने शस्त्र चालवलं, कार्थेजच्या वीराने नाही. हा फरक लहान नव्हे. पण रांग मोडून पुढे जाण्याचा हक्क दोघांनाही एकाच गोष्टीने मिळतो.

तर्तुलियन पुरावा म्हणून आपल्याच गावच्या एका तरुणीचं नाव घेतो. पर्पेतुआ चांगल्या घरातली, बावीसएक वर्षांची, अंगावर पिणाऱ्या बाळाची आई. ७ मार्च २०३ला कार्थेजच्या रिंगणात, सम्राटपुत्राच्या वाढदिवसाच्या खेळांत तिला मारण्यात आलं. तुरुंगात तिने रोजनिशीसारखं काही लिहून ठेवलं होतं आणि ते आजवर टिकलं आहे. ख्रिस्ती स्त्रीच्या हातचं इतकं जुनं लिखाण दुसरं जवळजवळ नाही. त्यात चार स्वप्नं आहेत. पहिल्यात तिला आभाळाला भिडलेली पितळेची अरुंद शिडी दिसते. दोन्ही बाजूंना तलवारी-भाले लटकलेले, पायथ्याशी अजगर. ती त्याच्या डोक्यावर पहिली पायरी असल्यासारखा पाय देते आणि चढून जाते. वर मोठी बाग, तिथे पांढऱ्या केसांचा मेंढपाळ धार काढत बसलेला. तो तिला विरजलेल्या दुधाचा घास भरवतो. जाग येते तेव्हा तोंडात गोडवा असतो.

पण माझं मन अडकतं ते तिच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या स्वप्नात. प्रार्थना करता करता तिच्या तोंडून अचानक दिनोक्रातेस हे नाव निघतं. हा तिचा धाकटा भाऊ, सातव्या वर्षी चेहऱ्यावरच्या भयानक व्रणाने गेलेला. इतक्या दिवसांत त्याची आठवण कशी झाली नाही याचं तिलाच नवल वाटतं. त्या रात्री तो तिला दिसतो, काळोखातून बाहेर येताना, मळलेला, तहानलेला, चेहऱ्यावर तीच जखम. समोर पाण्याने भरलेलं कुंड आहे, पण काठ त्याच्या डोक्याहून उंच. तो टाचा उंचावतो, हात पोहोचत नाही. पर्पेतुआ रात्रंदिवस रडून त्याच्यासाठी प्रार्थना करते. काही दिवसांनी तो पुन्हा दिसतो. अंग स्वच्छ, कपडे नीट, जखमेच्या जागी नुसता वण. कुंडाचा काठ त्याच्या बेंबीपर्यंत खाली आलेला, काठावर सोन्याची वाटी, आणि ती कितीही पिऊन रिकामी होत नाही. पोट भरून पाणी पितो आणि लहान मुलं जातात तसा खेळायला पळतो.

ही जागा कुठली? नरक नव्हे, कारण तिथून सुटका झाली. नंदनवन नव्हे, कारण तहान होती. तिच्या काळात या जागेला नाव नव्हतं. शाळकरी वयाच्या, बहुधा बाप्तिस्मा न झालेल्या एका मुलासाठी त्याच्या बहिणीने ती पाहिली. दोनशे वर्षांनी संत ऑगस्टिनला याच स्वप्नाने अडचणीत आणलं. बाप्तिस्म्याशिवाय तारण नाही या मतावर तो ठाम होता, त्यामुळे दिनोक्रातेसचा बाप्तिस्मा झालाच असला पाहिजे असं त्याने ठरवून टाकलं. मला इथे ऑगस्टिनपेक्षा पर्पेतुआ जास्त विश्वासार्ह वाटते.

दुसरी अडचण होती ख्रिस्ताच्या आधी मेलेल्यांची. अब्राहाम, मोशे, दावीद यांना येशूचं नावही ठाऊक नव्हतं, म्हणून ते कायमचे अंधारात? पेत्राच्या पहिल्या पत्रात येशूने बंदिवासातल्या आत्म्यांना जाऊन घोषणा केल्याचा एक गूढ उल्लेख आहे. त्यावरून शुक्रवारचा क्रूस आणि रविवारची रिकामी कबर यांच्यामधल्या शनिवारी काय घडलं याची कथा वाढत गेली. निकोदेमच्या नावाने चालणाऱ्या अपोक्रिफल शुभवर्तमानात तिचं पूर्ण नाट्य होतं. अधोलोक आणि सैतान यांचं भांडण, पितळेची दारं कोसळणं, आदामाचा हात धरून त्याला बाहेर काढणं. इस्तंबूलच्या खोरा चर्चमधलं चौदाव्या शतकातलं भित्तिचित्र पाहा. ख्रिस्त एका हाताने आदामाला आणि दुसऱ्या हाताने हव्वेला मनगट धरून थडग्यातून खेचतो आहे आणि पायाखाली कड्याकुलुपांचा खच पडला आहे. ‘अधोलोकात उतरला’ हे कलम आजही मराठी चर्चमध्ये विश्वासांगीकार म्हणताना उच्चारलं जातं.

नरकाची वर्णनं मात्र मतमतांतरांपेक्षा वेगाने पसरली. पेत्राचं प्रकटीकरण नावाचा दुसऱ्या शतकातला ग्रंथ १८८६-८७च्या हिवाळ्यात इजिप्तमध्ये अखमीमच्या एका थडग्यात सापडला. त्यात पापागणिक शिक्षा आहे. निंदा करणारे जिभेला टांगलेले, व्याजबट्टा करणारे चिखलात गुडघाभर. आपल्या गरुडपुराणाच्या वाचकाला फारसं नवीन काही नाही. याहून आपल्या जवळचा ग्रंथ म्हणजे थोमाची कृत्ये, तिसऱ्या शतकात एदेस्सा भागात सिरियॅक भाषेत रचलेला. त्याची बहुतेक कथा भारतात घडते. राजा गुंडफर थोमाला राजवाडा बांधायला पैसे देतो, थोमा ते गोरगरिबांत वाटून टाकतो आणि राजवाडा स्वर्गात बांधून झाला असं सांगतो. राजा त्याला कैदेत टाकतो. तेवढ्यात राजाचा भाऊ गाद मरतो, वर जाऊन तो राजवाडा पाहतो, आणि तो विकत मागण्यासाठी पुन्हा जिवंत होऊन येतो. ही गंमत खरी मानायची गरज नाही, पण गुंडफर खरा होता. वायव्य सरहद्दीवर त्याची नाणी आणि तख्त-इ-बाहीचा लेख सापडला आहे. याच ग्रंथात पुढे एक मारली गेलेली बाई थोमाच्या प्रार्थनेने उठते आणि आपण पाहिलेला नरक सांगते. अग्नीच्या खाया, फिरत्या चाकांना लटकवलेले जीव. म्हणजे ख्रिस्ती साहित्यातल्या सर्वांत जुन्या नरकवर्णनांपैकी एक भारतभूमीवर, एका भारतीय बाईच्या तोंडून सांगितलं जातं.

आणि मराठी वाचकाला सहसा न सांगितलेली गोष्ट यापुढे आहे. सहाव्या शतकाच्या मध्यावर अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस नावाच्या माजी व्यापाऱ्याने जगाच्या रचनेवर पुस्तक लिहिलं. त्यात तो भारताच्या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती वस्त्यांची नोंद करतो: मिरी पिकते तो मलबार, आणि ‘कल्लियाना’, जिथे पर्शियातून नेमलेला बिशप असतो. अनेक अभ्यासक हे कल्याण म्हणजे मुंबईजवळचं आपलं कल्याणच मानतात. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्या व्यापाऱ्यांचं जुनं बंदर ते हेच.

कॉस्मसचं विश्व म्हणजे एक दुमजली पेटी. खालच्या मजल्यावर पृथ्वी, माणसं, देवदूतसुद्धा. वरचा मजला म्हणजे स्वर्गाचं राज्य, आणि तो आज रिकामा आहे. तिथे फक्त ख्रिस्त पोहोचला आहे. बाकी सगळे पुनरुत्थानानंतर जातील. हे त्याच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. आपला गुरू म्हणून तो मार आबाचं नाव घेतो, आणि हाच मार आबा ५४० ते ५५२ या काळात पर्शियातल्या पूर्वेकडच्या चर्चचा प्रमुख होता. कल्याणचा बिशप येत होता तो याच चर्चकडून. चौथ्या शतकातल्या अफ्राहात आणि एफ्रेम या सिरियॅक लेखकांपासून या परंपरेत मृत्यू म्हणजे झोप होती. आत्मा शरीराशिवाय अर्धवट, म्हणून तो अंतिम दिवसापर्यंत निजलेला. तेव्हा कल्याणच्या खाडीकाठी कुणा व्यापाऱ्याला पुरताना त्या बिशपने काय सांगितलं असेल याचा अंदाज बांधायला हरकत नाही: हा स्वर्गात गेला असं नाही, हा उठेल असं.

हीच समजूत केरळच्या थोमा ख्रिस्ती समाजात टिकून राहिली आणि तिने पुढे संकट ओढवलं. जून १५९९मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझेस यांनी उदयंपेरूरला धर्मसभा भरवली आणि तिथल्या सिरियॅक ग्रंथांवर पाखंडाचा ठपका ठेवला. नीतिमानांचे आत्मे न्यायाच्या दिवसापर्यंत देवाचं दर्शन न घेता थांबून राहतात, हे मत त्या आरोपांच्या यादीत होतं. पुष्कळ पोथ्या जाळल्या गेल्या. यातली विसंगती पाहण्यासारखी आहे. जस्टिन आणि आयरेनियसच्या काळात जे बोलणं खऱ्या ख्रिस्ती माणसाची खूण होती, तेच इथे गुन्हा ठरलं. आणि ते काही फार पूर्वी बदललं होतं असंही नाही. १३३१मध्ये अविन्योला खुद्द बाविसावा जॉन हा पोपच प्रवचनांत सांगू लागला होता की आत्म्यांना देवाचं पूर्ण दर्शन अंतिम न्यायानंतरच. मोठा गदारोळ झाला. मरणशय्येवर त्याने माघार घेतली आणि १३३६मध्ये त्याच्यानंतरच्या पोपने कायमचा निकाल दिला: शुद्ध आत्म्याला दर्शन लगेच. तारखेवरचा पत्त्याचा विजय अधिकृत झाला तो तेव्हा.

मेनेझेसच्या धर्मसभेनंतर सतरा वर्षांनी, १६१६मध्ये, साष्टीतल्या रायतूरला फादर थॉमस स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ छापून निघालं. सुमारे ११,००० ओव्या, मराठीत, रोमन लिपीत. त्यात हे सगळं रोममान्य विश्व ओवीत बसवलेलं आहे आणि स्वर्गाला सरळ वैकुंठ म्हटलं आहे. मराठीत ख्रिस्ती परलोक पहिल्यांदा इतक्या विस्ताराने वाचायला मिळतो तो इथेच, आणि जेव्हा मिळतो तेव्हा त्याच्या सगळ्या खोल्या बांधून झालेल्या असतात.

त्यातली सर्वांत वर्दळीची खोली पर्गेटरी, शुद्धिस्थान. तिचा पाया दिनोक्रातेसच्या कुंडाशी दिसतो, पण ती बांधली प्रार्थना करणाऱ्यांनी. रोमन लोक कबरीवर जाऊन मृतांबरोबर जेवत, आणि ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी ते सोडलं नाही. ऑगस्टिनची आई मोनिका आफ्रिकेतल्या रिवाजाप्रमाणे मिलानमध्येही लापशी, भाकरी आणि वाइन टोपलीत घालून हुतात्म्यांच्या कबरींवर गेली, तर रखवालदाराने अडवलं. बिशप अँब्रोजची मनाई होती, कारण हे मूर्तिपूजकांच्या पितृकर्मासारखं दिसत होतं. ती मुकाट परत फिरली. ३८७मध्ये ओस्तियाला तिचा अंत झाला तेव्हा तिने मुलांना सांगितलं की देह कुठेही पुरा, फक्त वेदीपाशी माझी आठवण ठेवा. टोपलीची जागा प्रार्थनेने घेतली. प्रार्थना करायची तर ती उपयोगी पडेल असं कुणी तरी तिकडे असलं पाहिजे. स्वर्गातल्याला गरज नाही, नरकातल्याला फायदा नाही. मधला कुणी हवा. ऑगस्टिनने मग मृतांचे प्रकार पाडले आणि फार चांगले नाहीत, फार वाईटही नाहीत अशांना या प्रार्थनांचा उपयोग होतो असं लिहिलं. शुद्ध करणाऱ्या अग्नीबद्दल तो इतकंच म्हणतो की तसं असणं अशक्य नाही.

याच्या आधी अलेक्झांड्रियाचा ओरिजेन बरंच पुढे गेला होता. त्याच्या मते सगळीच आग शुद्ध करणारी, आणि शेवटी सगळेच परत येणार. ५५३च्या कॉन्स्टँटिनोपल सभेच्या वेळी त्याचा निषेध झाला. निस्साचा ग्रेगरी जवळपास हेच बोलून संत राहिला. धर्मशास्त्रातही माणसं बघून न्याय होतो.

पोप पहिल्या ग्रेगरीने ५९३च्या सुमारास लिहिलेली एक गोष्ट या कल्पनेला घरोघर घेऊन गेली. त्याच्या मठातला युस्तुस नावाचा वैद्य भिक्षू मरायला टेकला असताना त्याच्यापाशी लपवलेली तीन सोन्याची नाणी सापडली. ग्रेगरीने कुणालाही त्याच्याजवळ बसू दिलं नाही आणि प्रेत नाण्यांसकट उकिरड्यात पुरायला लावलं. मग त्यालाच वाईट वाटलं असावं. त्याने तीस दिवस रोज युस्तुससाठी मिस्सा करायला सांगितली. तिसाव्या दिवशी युस्तुस भावाच्या स्वप्नात येऊन म्हणाला की आता बरं आहे. गोवा-वसईकडच्या कॅथलिक घरांना ग्रेगोरियन मिस्सा ठाऊक असतात, त्या या तीस.

कित्तयच्या काळाला सर्वांत जवळचं वर्णन इंग्लंडमधलं आहे. बीड नावाच्या भिक्षूने ७३१मध्ये पुऱ्या केलेल्या इतिहासात द्रिथेल्म नावाचा गृहस्थ रात्री मरतो आणि पहाटे उठून बसतो. त्याने चार जागा पाहिलेल्या असतात. एक दरी, जिच्या एका काठाला आग आणि दुसऱ्याला गारा. जीव भाजले की तिकडे आणि गोठले की इकडे उड्या मारतात. पलीकडे न सुटणाऱ्यांचा खड्डा. मग फुलांचं कुरण, जिथे बरे पण अपुरे लोक थांबलेले. आणि दूर एक उजेड, जिथे त्याला जाऊ दिलं नाही. म्हणजे आपल्याकडे वीराला इंद्रलोकाचा एकच जिना होता त्याच पन्नास वर्षांत नॉर्थंब्रियात मधले दोन मजले तयार झाले होते. द्रिथेल्म पुढे भिक्षू झाला. हिवाळ्यात बर्फ तरंगत असलेल्या नदीत उभा राहून प्रार्थना करायचा. इतकी थंडी कशी सोसतोस विचारलं तर म्हणायचा, याहून जास्त थंडी पाहिली आहे.

त्या दरीला स्वतंत्र नाव मिळायला आणखी साडेचारशे वर्षं लागली. फ्रेंच इतिहासकार जाक ल गॉफ यांनी दाखवलं की ‘पुर्गातोरियुम’ हे स्थळवाचक नाम ११७०-८०च्या सुमारास पॅरिसच्या विद्वानांत रूढ झालं. लियॉच्या १२७४च्या परिषदेने शुद्धीकरणाची शिकवण स्वीकारली आणि चौदाव्या शतकाच्या आरंभी दान्तेने त्याचा डोंगर उभा केला. २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस मात्र त्याच्या आधीचा, इ.स. १०००च्या सुमाराचा, क्लुनी मठाच्या ओदिलोने सुरू केलेला. वसईच्या दफनभूमींत त्या संध्याकाळी मेणबत्त्या आणि फुलं विकत घ्यायला जी झुंबड उडते ती त्या मठाची देणगी. प्रॉटेस्टंटांनी सोळाव्या शतकात ही खोली पाडून टाकली, आणि त्यांच्या मराठी मंडळ्यांत मृतासाठी प्रार्थना होत नाही. होते ती मागे राहिलेल्यांसाठी.

एक खोली राहिली. बाप्तिस्म्याआधी मेलेल्या तान्ह्या बाळांसाठी ऑगस्टिनने शिक्षा ठेवली होती, जरी सर्वांत सौम्य. मध्ययुगातल्या विद्वानांना ते सोसेना, म्हणून त्यांनी लिंबो काढला: नरकाच्या काठावरची जागा, वेदना नाही, देवाचं दर्शनही नाही. आठशे वर्षं असंख्य आयांना हेच उत्तर मिळालं. १९९२च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात लिंबोचं नाव येत नाही. एप्रिल २००७मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने या विषयावरचा आपला दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात म्हटलं आहे की लिंबो कधीच बंधनकारक सिद्धान्त नव्हता, मत म्हणून तो अजूनही कुणी धरू शकतो, पण या बाळांचं तारण होतं अशी आशा बाळगायला भक्कम कारणं आहेत. खात्री देता येत नाही, हेही त्यात नमूद आहे.